पाच हजार माणसांचं जहाज आणि बाबांची व्हीलचेअर: आमच्या एका ट्रिपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या घरातल्या नऊ जणांची ही गोष्ट आहे, नावं टाकत नाही, नाती पुरेशी आहेत. बाबा ७९, आई ७३, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं (मोठा १४, धाकटी ६), मी, माझा नवरा आणि आमचा ११ वर्षांचा मुलगा. बाबांना सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. घरात वॉकर घेऊन फिरतात, त्याच्या पुढे व्हीलचेअर लागते, आणि गोळ्या दिवसातून पाच वेळा ठरलेल्या वेळेलाच घ्याव्या लागतात, वेळ इकडची तिकडे झाली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि मग तासभर कोणी काही करू शकत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, सपाट जागेवर छान चालते पण जिने नकोतच.

बाबांचं एकच मागणं होतं, एकदा सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं. किनाऱ्यावरून बघायचा नाही, मधे जाऊन बघायचा. दादाने लगेच मोठ्या क्रूझ शिपचं नाव काढलं आणि वहिनीने तितक्याच लगेच "नको" म्हणून सांगितलं. वहिनी कॉलेजात पर्यावरण शिकवते, त्यामुळे तिचं "नको" हे नुसतं मत नव्हतं, त्याच्यामागे अभ्यास होता.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघितलं तर प्रश्न सोपा होता, बाबांना झेपेल अशी ट्रिप कोणती. पण खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. एक, आजारी माणसाला सगळ्यात सोयीचं जहाज कोणतं. आणि दुसरा, ते जहाज ज्या गावांत जातं तिथल्या लोकांना आणि समुद्राला आपल्या सोयीपायी काय सोसावं लागतं.

आजकालची जहाजं किती मोठी झालीत हे आकडे बघेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. टायटॅनिक ४६,३२८ ग्रॉस टनांचं होतं. २००९ मध्ये 'ओएसिस ऑफ द सीज' आलं ते सव्वादोन लाख टनांच्या घरात, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टन, लांबी ३६५ मीटर, पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी आणि वर २,३५० क्रू. (ग्रॉस टन म्हणजे वजन नाही बरं का, ते जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे, मलाही हे दादाशी वाद घालतानाच कळलं.) म्हणजे एका जहाजात एक छोटं गाव राहतं, आणि ते गाव सकाळी आठला दुसऱ्या एका छोट्या गावात उतरतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय जमिनीवरची ट्रिप, एका ठिकाणी मोठं घर भाड्याने घेऊन राहायचं. स्वस्त आणि सोपं, पण बाबांना समुद्राच्या मधे जायचं होतं त्यामुळे हे दोन दिवसांतच बाद झालं.

दुसरा पर्याय लहान जहाज, दीडदोनशे प्रवाशांचं. वहिनीचा कल इकडे होता आणि माझाही सुरुवातीला होता. गर्दी नाही, लहान बंदरात शिरता येतं, लोकांवर बोजा कमी. पण जेव्हा मी एकेका जहाजाचा डेकचा नकाशा उघडून बसले तेव्हा एकामागून एक फुली पडत गेली. आम्ही बघितलेल्यांपैकी निम्म्यांत लिफ्टच नव्हती, काहींत होती पण सगळ्या डेकवर जात नव्हती, व्हीलचेअरची केबिन एक किंवा शून्य. शिवाय लहान जहाज लाटांवर जास्त हलतं, आणि ज्याचा तोल जमिनीवरच जातो त्याला हलत्या फरशीवर उभं करायचं मला धाडस होईना.

तिसरा पर्याय मोठं जहाज. रुंद दारांच्या, पायरी नसलेल्या बाथरूमच्या केबिन भरपूर, लिफ्ट वीसेक, डॉक्टर आणि नर्स चोवीस तास, बाजूने पाण्यात पंखांसारखे स्टॅबिलायझर बाहेर येतात त्यामुळे डुलणं कमी. सहा वर्षांची मुलगी, चौदाचा मुलगा आणि ७९ चे बाबा तिघांनाही एकाच जागी करायला काहीतरी असणार. हे फायदे खरे आहेत आणि ते मी कमी लेखणार नाही. ज्यांच्या घरात व्हीलचेअर आहे त्यांना विचारा, एक पायरी नसणं म्हणजे काय.

वहिनीने तिची बाजू एका रविवारी सगळ्यांना समोर बसवून मांडली. व्हेनिसमध्ये जून २०१९ मध्ये एक मोठं जहाज धक्क्याला आणि एका पर्यटक बोटीला जाऊन आदळलं, आणि शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना तिथल्या सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी झाली. अमेरिकेतल्या बार हार्बर नावाच्या लहान गावाने २०२२ मध्ये मतदान घेऊन क्रूझने उतरणाऱ्यांची संख्या दिवसाला १,००० वर आणली. लोक एवढ्या टोकाला जातात ते उगाच नाही. इंधनाचं पण तिने समजावलं. २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्यांच्या आत लागतं, आधी ३.५ टक्के चालायचं, आणि भूमध्य समुद्रात मे २०२५ पासून ०.१ टक्का, म्हणजे हवा सुधारतेय हे तिनेच कबूल केलं. पण नवीन जहाजं एलएनजीवर (द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर) चालतात म्हणून "हिरवी" म्हणतात त्यावर तिचा आक्षेप होता, कारण इंजिनात न जळलेला थोडा मिथेन तसाच बाहेर जातो आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीच्या आसपास पट जास्त तापवतो. आणि क्रू. आंतरराष्ट्रीय नियमात त्यांच्या कामाची मर्यादाच आठवड्याला ७२ तास आहे, आणि ते महिनोन् महिने घरापासून लांब.

दादा गप्प झाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे गं. पण मला लहान बोटीत चढता येणार नाही, आणि थांबायला वेळ नाही." त्यावर वहिनी रडली. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा, जाऊ या, पण डोळे उघडे ठेवून जाऊ." निर्णय तिथे झाला, आणि तो आनंदाने झाला असं मी म्हणणार नाही.

ठरवल्यावर काय काय केलं

आम्ही भूमध्य समुद्रातला सात रात्रींचा रूट घेतला, पाच हजारांच्या आसपास प्रवासी असलेलं जहाज. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

केबिनवर सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. आपत्कालीन वेळी लिफ्ट वापरत नाहीत, त्यामुळे व्हीलचेअरवाल्याची केबिन आणि त्याची जमायची जागा, ज्याला मस्टर स्टेशन म्हणतात, एकाच डेकवर असेल तर निम्मी चिंता जाते. आम्ही खालचा डेक, जहाजाच्या मधोमध, मस्टर स्टेशनच्याच मजल्यावरची केबिन घेतली. मधोमध हलणंही सगळ्यात कमी असतं. बाल्कनी सोडावी लागली, बाबा थोडे खट्टू झाले. कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर गेलं, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांचा आपत्कालीन सराव तोपर्यंत झालाच नव्हता कारण तेव्हाचा नियम २४ तासांची मुभा देत होता. आता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर सराव करावाच लागतो. पण आजकाल सराव म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवायचं. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही, बाबांना व्हीलचेअरमधून प्रत्यक्ष नेऊन आणलं, घड्याळ लावून, चार मिनिटं लागली, आणि त्यांचं नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत आहे ना ते तिथल्या माणसाला विचारून खात्री केली.

२०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका मोठ्या जहाजाच्या इंजिनरूमला आग लागून ते दिवसेंदिवस वीज नसताना तरंगत राहिलं होतं, संडास बंद, लोक डेकवर झोपलेले. म्हणून मी जहाज कधी बांधलं ते पण बघितलं. जुलै २०१० नंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना असा नियम आहे की एका भागात आग लागली किंवा पाणी शिरलं तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत स्वतःच्या ताकदीने बंदरात परत येता आलं पाहिजे. आमचं त्यातलं होतं.

बाकी, इन्शुरन्समध्ये पार्किन्सन्स लपवला नाही आणि समुद्रावरून हलवण्याचा खर्च धरूनच पॉलिसी घेतली. एक दिवस आधी पोचलो कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. रोमचं बंदर म्हणून जे दाखवतात ते चिविताव्हेक्किया रोम शहरापासून ७० किलोमीटरच्या आसपास लांब आहे, हे आधीच कळल्यामुळे गाडी ठरवता आली.

प्रत्यक्ष काय घडलं

पहिली चूक दुसऱ्याच रात्री झाली आणि ती पूर्णपणे माझी. इटलीकडून ग्रीसकडे जाताना जहाजाचं घड्याळ रात्री एक तास पुढे गेलं. माझा फोन एअरप्लेन मोडवर, त्यातला गजर जुन्याच वेळेवर. आम्ही जहाजाच्या घड्याळाने उठलो, बाहेर पडायच्या गडबडीला लागलो आणि गोळी मात्र फोनने सांगितल्यावर देऊ म्हणून राहिली. बाबा दारात अडकले. पुढे पाऊल पडेना, मागे बसता येईना, आणि बाहेर कॉरिडॉरमधून लोक जातायत. त्यानंतर आम्ही गोळ्या घरून निघाल्यापासूनच्या तासांवर धरल्या, एक साधं मनगटी घड्याळ त्यासाठीच ठेवलं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं.

तोच दिवस समुद्रावरचा होता, कुठेही उतरायचं नाही. मला वाटलं होतं बाबांचा सगळ्यात आरामाचा दिवस हाच. झालं उलटं. सगळे पाच हजार लोक जहाजावरच, आणि शो सुटला की सगळ्यांना एकाच वेळी लिफ्ट हवी. एकदा आम्ही व्हीलचेअर घेऊन पंचवीस मिनिटं थांबलो, लिफ्ट यायची ती भरलेली, धडधाकट माणसं आत उभी आणि नजर चुकवतायत. वीस लिफ्ट कागदावर भरपूर वाटतात. बाबा म्हणाले, "मला केबिनमध्ये सोड."

चौथ्या दिवशी ग्रीसचं सँटोरिनी बेट. इथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, समुद्रात उभी राहतात आणि लहान टेंडर बोटीतून लोकांना नेतात. टेंडरमध्ये स्वतःच्या पायाने उतरता आलं पाहिजे, मधली फट ओलांडता आली पाहिजे, आणि लाटा असतील तर क्रू व्हीलचेअरवाल्याला सरळ नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. हे आम्हाला बुकिंगच्या आधी माहीत होतं, तरी "बघू तेव्हाचं तेव्हा" म्हणून तो रूट घेतला होता. आता प्रश्न आला कोणी थांबायचं. बाबा म्हणत होते "तुम्ही सगळे जा, मी काय लहान आहे का", आई म्हणत होती मीही थांबते. शेवटी मी थांबले आणि आईला आग्रहाने पाठवलं. मला मनातून वाईट वाटत होतं, ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच मागे ठेवलं म्हणून.

दहा वाजेपर्यंत जहाज रिकामं झालं. लिफ्टचं बटण दाबलं की दार उघडायचं. बाबा वॉकर घेऊन बाहेरच्या डेकवर स्वतः चालले, थांबत थांबत, कोणी मागून घाई करत नाही, कोणी धक्का देत नाही, आणि समोर तो कडा आणि त्याच्यावरची पांढरी घरं. एक क्रू मेंबर त्यांच्या शेजारी येऊन रेलिंगला टेकून दहा मिनिटं बोलला, त्याच्याही वडिलांबद्दल. बाबा अख्खी दुपार तिथेच बसले. सगळ्या ट्रिपमधला त्यांचा सगळ्यात चांगला दिवस तो होता हे त्यांनी नंतर दहादा तरी सांगितलं असेल.

आणि वर गावात काय चाललं होतं? जुन्या बंदरावरून वर जायला केबल कार किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. त्या दिवशी चार जहाजं होती. या बेटावर गर्दीच्या दिवशी क्रूझचे १७,००० पर्यंत लोक उतरल्याच्या बातम्या आल्या होत्या, म्हणूनच तिथे २०२५ पासून दिवसाला ८,००० ची मर्यादा आणली. वर जाताना ठीक होतं, परत येताना केबल कारची लाइन गल्लीत वळून वळून मागे गेलेली. दादाचा विचार पायऱ्यांनी उतरायचा होता, आईच्या गुडघ्यांमुळे ते शक्यच नव्हतं. पावणेदोन तास उन्हात उभे राहिले, धाकटी रडून रडून वहिनीच्या खांद्यावर झोपली, आणि शेवटची टेंडर सुटायला वीस मिनिटं असताना खाली पोचले. वहिनी आल्यावर म्हणाली, तिथे एक बाई स्वतःच्याच घराच्या दारात उभी होती, लाइनमुळे तिला बाहेर पडता येत नव्हतं, आणि त्या लाइनमध्ये मीही होते.

त्या रात्री मला एक गोष्ट दिसली जी आधी इतकं वाचूनही दिसली नव्हती. जहाजाचा आकार आमच्या बाजूने होता, स्थिर फरशी, रुंद दार, डॉक्टर. त्रास होत होता तो सगळ्यांना एकाच वेळी एकाच दिशेला जायचं असायचं तेव्हा. लिफ्टसमोर बाबांना जे झालं तेच त्या बाईला तिच्या दारात झालं. दोन्हीकडे गर्दी आमचीच.

पाचव्या दिवशी माझ्या मुलाला पहाटे दोन उलट्या झाल्या. इथला आमचा निर्णय मला आजही बोचतो. मेडिकल सेंटरला कळवलं तर त्याला केबिनमध्ये बंद ठेवणार आणि पुढचं बंदर जाणार, म्हणून आम्ही "प्रवासाने झालं असेल" म्हणत दुपारपर्यंत थांबलो. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाचा विषाणू, जहाजांवर कसा पसरतो हे मला माहीत होतं, अल्कोहोलचा सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही, साबणाने हात धुवावे लागतात हेही माहीत होतं, तरी थांबले. दुपारी जुलाब सुरू झाल्यावर फोन केला. ते लोक अर्ध्या तासात आले, रागावले नाहीत, उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास केबिनमध्ये ठेवा म्हणाले, सगळी खोली पुसून घेतली. त्या आठ तासांत तो बाबांच्या केबिनमध्ये जाऊन आला होता. बाबांना काही झालं नाही, हे आमचं नशीब.

निकाल

सात दिवसांत बाबा चार बंदरांपैकी दोन ठिकाणी उतरले, दोन्ही धक्क्याला लागणारी. एकदाही पडले नाहीत, घरी महिन्यातून एकदोनदा तोल जातो त्या मानाने हे मोठं आहे. आईला ट्रिप आवडली पण सँटोरिनीचं नाव काढलं की ती गुडघे चोळते. मुलं खूश, आमच्या मुलाचे शेवटचे दोन दिवस केबिनमध्ये गेले. वहिनी म्हणते मी परत या आकाराच्या जहाजावर पाय ठेवणार नाही, आणि त्याच दमात म्हणते की बाबांना त्या डेकवर बसलेलं बघून मला आपला निर्णय चुकला असंही म्हणता येत नाही. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि ते तसंच राहू द्यावं.

आज परत ठरवायचं झालं तर

रूट आधी, जहाज नंतर. प्रत्येक बंदराला धक्का आहे की टेंडर हे कंपनीच्या पानावर बारीक अक्षरात असतं, ते वाचून टेंडरचं बंदर जास्तीत जास्त एक, आणि तिथे बाबांनी जहाजावरच थांबायचं हे घरूनच ठरवून, म्हणजे ऐनवेळी कोणाला अपराधी वाटणार नाही. कोणत्या दिवशी कोणत्या बंदरात किती जहाजं आहेत याचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी इंटरनेटवर मिळतं, मी ते बघितलंच नव्हतं. चार जहाजांचा दिवस असेल तर तो रूट सोडायचा, स्वतःसाठी पण आणि तिथल्या लोकांसाठी पण. सुट्ट्यांच्या बाहेर जायचं, मुलांची शाळा आठवडाभर बुडाली तरी चालेल (दादाला हे मान्य नाही). समुद्रावरच्या दिवशी शो सुटायच्या पंधरा मिनिटं आधी बाबांना घेऊन निघायचं. आणि उलटी झाली की पहिल्या तासात फोन, यावर चर्चा नाही.

आकाराबद्दल माझं मत बदललंय. आठ-दहा डेकची, हजारच्या आत प्रवासी असलेली जहाजं असतात, त्यात लिफ्ट सगळ्या डेकवर जाते आणि हलणंही सोसण्यासारखं असतं. आम्ही दीडदोनशे आणि पाच हजार एवढंच बघितलं, मधलं शोधलंच नाही, आणि ही आमच्या सगळ्या ठरवण्यातली सगळ्यात मोठी चूक. वहिनीने आता सहाशे प्रवाशांचं एक शोधलंय, जास्तीत जास्त बंदरांत धक्क्याला लागतं, धक्क्यावरची वीज घेऊन इंजिन बंद करायची सोय आहे. व्हीलचेअरच्या केबिन चारच, आणि चारही पुढच्या वर्षापर्यंत भरलेल्या. वेटिंगला नाव दिलंय. बाबांच्या डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी दाखवायचं असतं, दर वेळी ते प्रवासाला हो म्हणतायत का ते विचारून घेतो.